गाडी लहरली, माणूस पडला, आता पैसे कोण देणार?

या खेपेला सात-आठ पत्रं आली आणि त्यातली बरीचशी एकाच दुखण्याची निघाली, गाडी स्पीडला गेली की हँडल मारतंय, गाडी डुलतेय, आणि पुढं जाऊन पडलो तर कुणावर दावा करायचा. गाडीचं मी सांगतो, बेळगावच्या उद्यमबागेत बावीस वर्षं गॅरेज चालवलंय. कायद्याचं मात्र बेळगाव कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या दोस्ताला विचारून लिहितोय, तो मला दर महिन्याला एका चहावर सल्ला देतो आणि वर म्हणतो माझं नाव घालू नको. ते बरंय.

प्रश्न: काका, मी निपाणीचा, वय २६. बाईक अडीच वर्षांची. मार्चमध्ये सर्व्हिस सेंटरला मागचा टायर बदलून घेतला आणि हँडल जरा जड वाटतंय म्हणून सांगितलं, तर त्यांनी बघितलंय, ओके आहे म्हटलं. आठवड्यानं गोव्याला निघालो, मागं टॉपबॉक्स, दोन बाजूला दोन बॅगा, एकटाच होतो. यमकनमर्डीच्या पुढं वंटमुरी घाटात उताराला ट्रकला ओव्हरटेक करून बाहेर आलो, स्पीड ९५-१०० असेल, आणि गाडी आधी मागून डुलायला लागली आणि मग हँडल दोन्हीकडं फाडफाड मारायला लागलं, मी ब्रेक दाबला आणि पुढचं काय आठवत नाही. कॉलरबोन आणि मांडीचं हाड मोडलं. पोलिसांनी केस माझ्यावरच घातली. सर्व्हिस सेंटर म्हणतं तुम्हीच स्पीडमध्ये होता. गाडी दोन महिने स्टेशनच्या आवारात पडून आहे, भाऊ म्हणतो भंगारात घालून मोकळं होऊया. काही होतंय काय?

उत्तर: पहिलं म्हणजे भावाला सांग की भंगारवाल्याचा फोनसुद्धा उचलायचा नाही. तुझ्या केसमध्ये बोलणारा साक्षीदार एकच आहे आणि तो स्टेशनच्या आवारात उन्हात उभा आहे. ती गाडी गेली की तुझ्या बाजूनं बोलायला कुणी उरत नाही.

आता गाडीला झालं काय ते समजून घे, कारण पैसे कोण देणार हे त्याच्यावरच ठरतंय. लोक सगळ्यालाच वॉबल म्हणतात, पण ही दुखणी दोन आहेत. एक मागून येतं, एक पुढून. सीझनमध्ये ऊस घेऊन जाणारा ट्रॅक्टर बघितलायस की, दोन ट्रॉल्या लावलेला, जरा स्पीड घेतला की मागची ट्रॉली इकडून तिकडं डुलायला लागते आणि ड्रायव्हरला पत्ता नसतो. गाडी मागून डुलते ते तसं, सेकंदाला साधारण २ ते ४ वेळा, सगळी गाडीच सापासारखी जाते. इंग्रजीत त्याला वीव्ह म्हणतात. स्पीड जितका वाढेल तितकं ते आपोआप शांत व्हायची ताकद कमी होत जाते. दुसरं पुढचं. दवाखान्यात स्ट्रेचर जोरात ढकललं की त्याचं एखादं चाक कसं फडफडतं, तसं पुढचं चाक आणि हँडल सेकंदाला ४ ते १० वेळा मारतं, तो वॉबल. १९७१ मध्ये इंग्लंडच्या रॉबिन शार्प नावाच्या माणसानं ह्या दोन्हीचं गणित मांडून दाखवलं, म्हणजे हे काय नशिबाचं किंवा वाऱ्याचं काम नव्हे, हे पन्नास वर्षांपूर्वीच ठरलंय.

तुझं मागून सुरू झालं आणि पुढं गेलं. मागं टॉपबॉक्स, बॅगा, म्हणजे वजन मागच्या चाकाच्याही मागं आणि वर, पुढचं चाक हलकं झालं. त्यात ट्रकच्या आडोशातून बाहेर आलास तेव्हा वाऱ्याचा फटका बसला. एवढ्यानं चांगल्या कंडिशनची गाडी हलते आणि पुन्हा सरळ होते. तुझी झाली नाही, म्हणजे काहीतरी ढिलं किंवा घट्ट होतं. हँडल जड लागत होतं हे तू लिहिलंस त्यावर माझं बोट आहे. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, जास्त आवळला तर हँडल स्वतःहून मधे येत नाही, गाडी सतत इकडं तिकडं जाते आणि आपल्याला कळतही नाही की आपण ती सावरतोय. कोनसेट ढिला असेल तर उलटं, हँडल फडफडतं. मागचा टायर बदलला म्हणजे चाक काढलं, म्हणजे एक्सल, चेन ॲडजस्टर, दोन्हीकडचे स्पेसर (चाक मधोमध ठेवणारे गोल तुकडे) हे सगळं हाताळलं. आमच्या गॅरेजात एकदा एका पोरानं स्पेसर उलटसुलट घातला होता आणि चाक बोटभर एका बाजूला, गिऱ्हाईक अनगोळपर्यंत जाऊन परत आलं म्हणून वाचलो.

ब्रेक दाबलास ते चुकलं, पण तुला कुणी शिकवलं नव्हतं, आम्हालाही नव्हतं. हँडल मारायला लागलं की त्याच्याशी कुस्ती खेळायची नाही, नुसतं धरून ठेवायचं, गुडघ्यांनी टाकी आवळायची, अंग पुढं टाकायचं आणि ॲक्सिलेटर हळूहळू सोडायचा. पुढचा ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि वॉबल भडकतो.

आता पैशाचं. समोर दुसरी गाडी नाही, तेव्हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली ट्रिब्युनलला, म्हणजे अपघात भरपाईच्या कोर्टाला, तुझा दावा बसत नाही, स्वतःची चूक आणि स्वतःलाच भरपाई असं तिथं होत नाही. इन्शुरन्सबरोबर ओनर-ड्रायव्हरचा १५ लाखांचा पीए कव्हर (वैयक्तिक अपघात विमा) असतो, पण तो मृत्यूला, कायमच्या पूर्ण अपंगत्वाला, आणि हात-पाय किंवा डोळा गेला तर. मोडलेलं हाड सांधलं तर त्यातून दमडी येत नाही, हे कुणी विकताना सांगत नाही. गाडीच्या नुकसानीचा क्लेम तुझी पॉलिसी फुल असेल तर होतो. हॉस्पिटलच्या बिलासाठी केंद्राची कॅशलेस योजना मे २०२५ ला निघालीय, अपघातानंतर ७ दिवस १.५ लाखापर्यंत, पण ती त्या वेळी, नेमलेल्या हॉस्पिटलात लागू होते. तुझं ते हुकलं असेल, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

तुझा खरा दरवाजा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, लागू झाला जुलै २०२० पासून, आणि त्यात प्रॉडक्ट लायबिलिटी म्हणून वेगळं प्रकरणच घातलंय. बनवणारा, विकणारा आणि सर्व्हिस देणारा, तिघांवरही नुकसानभरपाईचा दावा करता येतो. जिल्हा आयोगात जायचं, तू बेळगाव जिल्ह्यात राहतोस म्हणून बेळगावलाच, कंपनीचं ऑफिस कुठं का असेना. मुदत २ वर्षं. आणि फी तू वस्तूसाठी किंवा सर्व्हिससाठी जे पैसे दिलेस त्याच्यावर ठरते, ५ लाखापर्यंत फी शून्य, म्हणजे तुला कोर्ट फी नाही.

पण दावा म्हणजे नुसती तक्रार नव्हे. सर्व्हिसचं जॉबकार्ड काढ, त्यावर हँडल जड हे शब्द लिहिलेत का बघ. नसतील लिहिलेले तर तुझं आणि त्यांचं व्हॉट्सॲपवरचं काही असेल तर ते शोध. मग कुणीतरी माणूस घेऊन स्टेशनला जा, परवानगी काढ आणि गाडीला हात न लावता फोटो काढ: मागच्या टायरच्या साईडवर फिरण्याचा बाण असतो, तो बरोबर दिशेला आहे का. चेन ॲडजस्टरच्या खुणा डावीकडं किती आणि उजवीकडं किती. चिमट्याला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, खेळ आहे का. टायरवरचा साइज गाडीच्या बुकातला आहे का. कोनसेट तिथं उघडायचा नाही, कुणालाही उघडू द्यायचा नाही, सर्व्हिस सेंटरचा माणूस आला तरी. डिव्हायडरला धडकल्यावरही बेअरिंगच्या वाटीला खड्डे पडतात आणि झिजूनही पडतात, त्यातला फरक बघणारा इंजिनिअर लागतो. आयोगाला अर्ज देऊन तपासणी लॅबकडं पाठवायला सांगता येतं, ती सोय कायद्यातच आहे. आरटीओच्या इन्स्पेक्टरनं गाडी तपासून जो रिपोर्ट दिलाय त्याची कॉपी माग. बहुतेक वेळा त्यात ब्रेक चालू होते, मेकॅनिकल बिघाड नाही, एवढंच एका ओळीत असतं, आणि तो तुझ्या विरुद्ध जातो, म्हणूनच तुझी स्वतःची तपासणी हवी.

दोन गोष्टी लपवू नकोस. एक, चार पदरी हायवेला टू-व्हीलरची मर्यादा ८० आहे आणि तू १०० ला होतास. दुसरं, बॅगांचं वजन, बुकात किती लिहिलंय ते. समोरचा वकील ह्या दोन्हीवर बसणार, गाडीचा गैरवापर किंवा बदल केला असेल तर विकणारा सुटतो असं कायदाच म्हणतो. रक्कम कापली जाईल. पण सर्व्हिस सेंटर हात झटकून मोकळं, असं मात्र नाही, हँडल जड आहे हे तू पडायच्या आठ दिवस आधी सांगितलं होतंस.

आणि एक, हे नीट वाच. तुझ्यावर भारतीय न्याय संहितेच्या २८१ आणि १२५ खाली केस असेल. तारखेला कुणीतरी येऊन सांगेल की कबूल कर, हजार-दोन हजार दंड भर आणि सुट, रोज कोण बेळगावला येतंय. अशी कबुली दिलेली मी डोळ्यांनी बघितलीय आणि मग तोच कागद दुसऱ्या कोर्टात डोक्यात घातलेला पण बघितलाय. वकिलाला विचारल्याशिवाय कबूल करू नको.

तशाच प्रकारची तक्रार त्याच मॉडेलच्या बाकीच्यांनाही आहे असं कळलं तर ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी सरकारच्या वाहन पोर्टलवर डिफेक्टची तक्रार टाकता येते, मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ खाली सरकार कंपनीला गाड्या परत मागवायला लावू शकतं. त्यानं तुझे पैसे येत नाहीत, पण टाक.

प्रश्न: माझी स्कूटर ५०-६० ला असताना हात जरा सैल केला की हँडल थरथरतं, घट्ट धरलं की थांबतं. मेकॅनिक म्हणतो सगळ्या स्कूटरला असतं. खरं काय? — वडगाव, बेळगाव, कॉलेजला जाते.

उत्तर: अर्धं खरं. स्कूटरची चाकं लहान, सॉकप साधे, त्यामुळे ॲक्सिलेटर सोडून गाडी हळू होताना थोडं थरथरणं होतं. पण आधी नव्हतं आणि आता आलं तर ती खूण आहे. पुढच्या टायरमध्ये हवा कमी, टायर एका बाजूनं झिजलेला, रिमला आउट (रिम वाकडी), किंवा कोनसेट ढिला, बहुतेक ह्या चारातलंच एक. मेन स्टँडवर लाव, घरच्या कुणाला तरी मागं दाबून धरायला सांग म्हणजे पुढचं चाक वर उचललं जाईल. सॉकप खालून दोन्ही हातांनी धरून पुढं-मागं हलव, खट आवाज आला तर कोन ढिला. मग हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकाला फिरव, बरोबर मध्यावर जरा खोबणीत बसल्यासारखं अडकलं तर बेअरिंग गेलं, आवळून उपयोग नाही, बदलायलाच पाहिजे. तोवर हात सोडून केस बांधणं बंद.

प्रश्न: मी खानापूरची. मिस्टरांच्या गाडीवर मागं बसून बेळगावला जात होते, गाडी अचानक लटलट हलायला लागली आणि आम्ही दोघं पडलो. त्यांना खरचटलं, माझा मनगटाचा आणि खुब्याचा हाड मोडला, प्लेट घातलीय. दुसरी गाडी कुठलीच नव्हती. शेजारचे म्हणतात मागं बसणाऱ्याला पैसे मिळतात, पण त्यासाठी मिस्टरांवरच केस करावी लागते. घरात हा विषय काढायची सोय नाही.

उत्तर: वहिनी, शेजारचे बरोबर सांगतात, पण अर्धंच सांगतात. पैसे मिस्टरांच्या खिशातून जायचे नाहीत, इन्शुरन्स कंपनीकडून यायचे. पण त्याआधी एक कागद काढून बघा. पॉलिसीवर सगळ्यात वर लायबिलिटी ओन्ली लिहिलंय का पॅकेज किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह लिहिलंय. आपण ज्याला थर्ड पार्टी म्हणतो ती नुसतीच असेल तर टू-व्हीलरवर मागं बसलेला माणूस त्यात येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं हे २००६ मध्ये आणि २००८ मध्ये सांगितलंय. फुल पॉलिसी असेल तर मागचा माणूस कव्हर होतो. हजार-पंधराशे वाचवायला थर्ड पार्टी काढतात आणि बायकोला बिनकव्हर मागं बसवतात, मला तर ह्याचं फार वाईट वाटतं, पण असू दे.

पॅकेज असेल तर दोन वाटा. पहिली, कलम १६४, तिथं चूक कुणाची हे सिद्ध करावंच लागत नाही, गंभीर दुखापतीला २.५ लाख ठरलेले, आणि हाड मोडणं कायद्यात गंभीर दुखापतच आहे. दुसरी, कलम १६६, तिथं गाडी चालवणाऱ्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, म्हणजे मिस्टरांचाच, पण मग हॉस्पिटलचा खर्च, बुडलेली कमाई, कायमचं अपंगत्व असेल तर त्याचा हिशोब सगळा धरला जातो. घरकाम करणाऱ्या बाईच्या कामालासुद्धा पैशात किंमत आहे हे कोर्टांनी मान्य केलंय, तेव्हा मी काय कमवत नाही असं म्हणून गप्प बसू नका. १६४ चे पैसे घेतले की १६६ चा दावा संपतो, म्हणून खुब्याचं पुढं काय होतंय हे डॉक्टरांना विचारून मग ठरवा. खुब्याचं काम मोठं असतं, मी तरी २.५ लाखाला घाई करणार नाही.

मिस्टरांना हे असं सांगा: नोटीस तुमच्या नावानं येईल, भरणार कंपनी. आणि त्यांना विचारा, पुढच्या चाकाचे स्पोक शेवटचे कधी टाइट केले.

प्रश्न: आम्ही गडहिंग्लजचे. भाचा रात्री संकेश्वरजवळ उसाच्या ट्रॉलीवर मागून धडकला, ट्रॉलीला लाईट, रिफ्लेक्टर काही नव्हतं. गेला बिचारा, ३० वर्षांचा होता. पोलिसांचे कागद सगळे कन्नडमध्ये, आम्हाला वाचता येत नाहीत. आता समोरची इन्शुरन्स कंपनी म्हणते त्याच्या गाडीचं हँडलच खराब होतं, तो आधीच लहरत येत होता. दावा बेळगावला करायचा का आमच्याकडं?

उत्तर: मामा, वाईट झालं. कोर्टाचं आधी सांगतो. कलम १६६ खाली दावा तीन ठिकाणी चालतो, जिथं अपघात झाला तिथं, जिथं दावा करणारा राहतो किंवा धंदा करतो तिथं, किंवा समोरचा राहतो तिथं. म्हणजे तुम्हाला कोल्हापूर जिल्ह्यातल्या ट्रिब्युनललाही जाता येतं, दर तारखेला घाट उतरून यायची गरज नाही. मुदत अपघातापासून ६ महिने, २०२२ च्या एप्रिलपासून. ह्या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय, पण त्या भरवशावर बसू नका, तारीख धरूनच चला.

कागद कन्नडमध्ये असणार हे आपल्याकडच्या माणसाला काय नवीन सांगायचं. एफआयआर, स्पॉट पंचनामा, स्केच, आरटीओचा रिपोर्ट, पोस्टमॉर्टेम, ह्या सगळ्यांच्या सर्टिफाइड कॉपी घ्या आणि अनुवाद करून घ्या, महाराष्ट्रातल्या ट्रिब्युनलला तो लागणारच. अनुवाद करणाऱ्याला सांगून ठेवा की पंचनाम्यातला शब्द न् शब्द पाहिजे, सारांश नको. मी एक पंचनामा बघितलाय, मराठी अनुवादात ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती एवढंच आलं, आणि मूळ कन्नडमध्ये डांबरी रस्त्यावर उभी, मागं लाल दिवा नाही असं होतं. त्या एका ओळीवर सगळा फरक पडतो. नावं पण बघा, भाच्याचं गाव, वडिलांचं नाव आधारवर एक आणि तिथं इनिशियलमध्ये दुसरंच असेल तर आत्ताच दुरुस्तीचा अर्ज द्या. आणि अर्ज मराठीत दिला तर चालत नाही असं कुणी म्हटलं तर राज्यघटनेचं कलम ३५० सांगा, तक्रार निवारणासाठीचं निवेदन देशात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत द्यायचा हक्क आहे त्यात. सांगा, पण भांडू नका, पोच घ्या.

हँडल खराब होतं हे कंपनीनं नुसतं म्हणून चालत नाही, त्यांनी ते दाखवायला पाहिजे. धडकल्यावर पुढचा सॉकप वाकला, हँडल वाकलं, ते बघून आधीच खराब होतं असं म्हणणं ही जुनी चाल आहे. भाच्याचं शेवटचं सर्व्हिस बिल, पुढच्या टायरचा फोटो, गाडी रोज कुठं जायची-यायची हे सांगणारा एखादा माणूस, एवढं असलं तरी पुरतं. समजा त्याचीही थोडी चूक निघाली तरी दावा मरत नाही, ट्रिब्युनल टक्केवारी लावून तेवढी रक्कम कापतं. ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचा, दोन्हींचा नंबर आणि इन्शुरन्स काढा, ट्रॉलीचा इन्शुरन्स नाही म्हणून पुढं वाद घालतात, आणि ट्रॉलीला नंबरच नाही असं दिसलं तर तेही पंचनाम्यात आलंय का बघा. ३० वर्षांच्या माणसाला हिशोबात १७ चा गुणक लागतो, वर्षाच्या कमाईतून त्याचा स्वतःचा खर्च वजा करून जे राहतं त्याला. स्वतःचा धंदा असेल तर पुढची वाढ म्हणून ४० टक्के आधी मिळवतात. तेव्हा कमाईचे कागद, बँक पासबुक, दूध संघाची बिलं, काय असेल ते गोळा करा. आमच्याकडं कागद नाही म्हणून लोक सोडून देतात, आणि दुधाची बिलं कपाटात पडलेली असतात.

प्रश्न: मित्राची ४०० सीसी गाडी एक दिवस चालवायला घेतली आणि पडलो, हँडलच मारायला लागलं. त्याच्या इन्शुरन्समधून मला काही मिळेल काय? — चिकोडी

उत्तर: नाही. दुसऱ्याची गाडी मागून घेतली की कायद्याच्या नजरेत तू त्या दिवसापुरता मालक. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आपल्याच बाजूची केस गेली होती, इलकल-कुष्टगी हायवेवर एकजण मागून घेतलेल्या बाईकवर होता, पुढची लोखंडी पत्रे घेऊन चाललेली बैलगाडी अचानक थांबली आणि तो त्यावर धडकून गेला. कोर्टानं म्हटलं, गाडी उसनी घेणारा मालकाच्या जागी येतो, आणि मालक स्वतःच भरपाई देणारा आणि स्वतःच घेणारा असं होत नाही. पीए कव्हर पण गाडी ज्याच्या नावावर त्याला, तुला नाही. मित्राला गाडीचं दुखणं माहीत होतं आणि त्यानं सांगितलं नाही असं दाखवता आलं तर वेगळा विचार होईल, पण मग मैत्री पण वेगळी होईल.

प्रश्न: चोर्ला घाटातून दर शनिवारी गोव्याला जातो, १५० सीसीची गाडी आहे. ऑनलाइन हँडलची थरथर दाबणारा स्टीअरिंग डॅम्पर मिळतोय, बसवू काय?

उत्तर: नको. तो मोठ्या, जलद गाड्यांना कारखान्यातून बसवलेला असतो, त्या फ्रेमचा हिशोब करून. आपल्या गाडीला पट्ट्या वाकवून बसवला आणि तो घाटात वळणावर अडकला तर हँडल फिरणारच नाही. शिवाय तो लावला की थरथर दबते आणि कोनसेट आतून झिजत राहतो, म्हणजे ताप दाबायला गोळी घेतल्यासारखं. तेवढ्याच पैशात नवीन कोनसेट, चिमट्याचे बुश आणि मजुरी असं सगळं होईल.

शेवटचं कारदग्याहून आलंय, पत्र नाही, फोटो आहे. टायरच्या साईडचा, आणि खाली एवढंच, नक्षी भरपूर शिल्लक आहे, हवा पण टिकते, पण ८० च्या वर पुढचं चाक नाचतं, बदलू का ठेवू? मी फोटो मोठा करून बघितला. लांबट गोलात चार आकडे आहेत, २२१४. म्हणजे २०१४ सालच्या बाविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षीच्या कडेला बारीक चिरा पण दिसतायत. बदला, आणि जुना घरच्या दुसऱ्या गाडीला लावू नका.